दोनशे नऊवरून फोन

१

शीतगृहाच्या मालकाच्या टेबलावरचा फोन दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी वाजला. मालकाने तो उचलला नाही. आज उचलायचाच नाही, हे त्याने सकाळी दाढी करताना ठरवलं होतं. तो फोनच्या बोटभर काचेकडे बघत राहिला. काचेवर आकडे उमटले होते: २०९.

त्या ऑफिसात प्रत्येक टेबलाला, प्रत्येक खोलीला आपापला आतला नंबर होता. मालकाचा २०१. आणि २०९ होता कोल्ड रूम नंबर दोनचा. तीन वर्षांपूर्वी त्याच खोलीत कोठी सांभाळणारे कोठीकाका अडकले. उणे अठराची थंडी, अंगात साधा स्वेटर, आणि दाराचा आतला खटका बर्फाने आवळलेला. साडेतीन तासांनी दार उघडलं तेव्हा काका भिंतीला टेकून बसलेले होते. भिंतीवरच्या फोनचा रिसीव्हर त्यांच्या हातात होता.

त्यानंतर त्या खोलीचं मशीन बंद केलं, दाराला कुलूप ठोकलं आणि फोन भिंतीवरून उखडून भंगारात टाकला.

मग जो फोन जागेवरच नाही, तो रोज चार दहाला करतं कोण? आज अकरावा दिवस. उचलला की पलीकडे शब्द नाही की खोकला नाही. नुसती उघडी लाईन. कोणीतरी कान लावून बसल्यासारखी.

दोन मेकॅनिक येऊन हात टेकून गेले होते. दुसरा जाताना म्हणाला, "साहेब, तुमचे आतले फोन जोडणारं हे एक्स्चेंज माझ्या जन्माआधीचं. ह्याचे पार्ट आता एकाच दुकानात मिळतात, आणि ह्याचं पोट ओळखणारी माणसंही त्याच घरात."

ते घर मालकाला ठाऊक होतं. त्या घराच्या चुलीत पाणी त्यानेच ओतलं होतं. तीनदा त्याने रिसीव्हरला हात लावला, तीनदा मागे घेतला. चौथ्यांदा नंबर फिरवला.

२

दुकानाच्या मालकिणीला सगळा धंदा स्पेअरवहिनी म्हणत असे. नवरा सगळ्या मेकॅनिकांचा दादा, म्हणून ती वहिनी. आणि दुकान टेलिफोनच्या सुट्या भागांचं, म्हणून स्पेअर. "नवरा बिघडला तर बदली वापरायला ठेवलेय मला," असं ती पूर्वी हसत सांगायची. मग नवरा खरोखरच बिघडला आणि तिने तो विनोद सोडून दिला.

शीतगृहाचं एक्स्चेंज दादांनीच बसवलं होतं. काका गेल्यावर चौकशी झाली. कोल्ड रूममधल्या जोडणीच्या डबीत तारांवर हिरवा गंज सापडला. ओल शिरून फोन बंद पडला होता, मेकॅनिकला चार दिवस आधी कळवूनही तो फिरकला नाही, असं मालकाचे मेव्हणे सांगून मोकळे झाले. शीतगृहाचा सगळा कारभार तेच बघत. दादा ओरडून सांगत राहिले की आपल्याला निरोपच आला नाही. वहिनीने तक्रारींची वही पुढे केली. "घरचीच वही, घरचीच लेखणी," असं म्हणून ती कोणी उघडली नाही. पुढे मालकाने दादांची सेवा घेणाऱ्या एकेचाळीस ऑफिसांना स्वतः फोन केले. "ह्या माणसाच्या हलगर्जीपणाने माझा माणूस मेला." महिन्याभरात एकेचाळीसची एकेचाळीस कामं गेली.

दादांनी हत्यारांची पेटी मिटली ती मिटलीच. वहिनी दुपारी पार्सलं टाकायला जायची, तेवढा वेळ ते दुकानात बसत. बाकी दिवसभर आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड.

फोन वाजला तेव्हा वहिनी पार्सलं टाकून नुकतीच परत आली होती.

"हॅलो, स्पेअर्स."

"मी… शीतगृहातून बोलतोय."

आवाज ओळखायला तिला अर्धा शब्द पुरला. तिच्या हातातलं पेन थांबलं. बोलण्यासारखं तीन वर्षांचं साठलं होतं. पण ती म्हणाली, "तक्रार सांगा."

मालकाने सांगितली. वहिनीने ती शब्द न् शब्द वहीत उतरवून घेतली: २०९ वरून रोज फोन, वेळ चार दहा, फोन जागेवर नाही.

"उद्या तीन वाजता येते," ती म्हणाली. "पण एक आहे. एक्स्चेंजच्या कपाटाची किल्ली माझ्या हातात द्यायची, आणि मी विचारेन त्याला विचारेन ते सांगायचं."

"हवं ते विचारा. फक्त हे थांबवा हो."

तिने रिसीव्हर ठेवला. आत जाऊन दादांना सांगितलं. दादांनी मान वळवली नाही, एवढंच म्हणाले, "पेटी घेऊन जा. धार आहे अजून."

तीन वर्षं त्या कपाटाजवळ ह्या दोघांना कोणी उभं केलं नव्हतं. भूत असो की माणूस, ज्याने ते दार उघडायला लावलं त्याचे पाय धुवावेत, असं वहिनीला वाटलं. आणि त्याच दारातून आत शिरून ह्या लोकांना पुरतं धुवावं, असंही.

३

मालक वाळला होता. डोळ्यांखाली काळी वर्तुळं. वहिनीला त्याची दया येते का, हे तिने स्वतःशी तपासून पाहिलं. येत नव्हती.

"चार दहाच का?" तिने विचारलं.

मालक खिडकीकडे बघत बोलला. "काकांची वेळ ती. गुडघे गेले होते त्यांचे, जिना चढून वर येत नसत. रोज चार दहाला कोल्ड रूममधून थेट मला फोन करायचे. कुठल्या खोलीत किती थंडी, काय आलं, काय गेलं. शिवाय कुरकुर."

"कसली कुरकुर?"

"दोन नंबरच्या दाराचा खटका अडकतो, बदलून द्या. महिनाभर तेच. मी मेव्हण्यांना सांगितलं होतं बदलायला."

"बदलला?"

मालकाने खिडकीचा पडदा ओढून घेतला.

"बरं, ते गेले त्या आठवड्यात काय म्हणाले फोनवर?"

"त्या आठवड्यात फोन आलाच नाही. चार दिवस. मी मेव्हण्यांना विचारलं, तर म्हणाले, काका रुसलेत." मालकाने पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. "नंतर कळलं की फोन बंद होता. तुमच्या ह्यांनी…"

"कळलं कोणाकडून?"

"मेव्हण्यांकडूनच."

वहिनीने मान डोलावली, किल्ली उचलली आणि खाली गेली. जिन्यात तिच्या मनात एकच हिशेब चालू होता. मेव्हण्यांना फोन बंद आहे हे ठाऊक होतं. मेकॅनिकला चार दिवस आधी कळवलं, असं त्यांनीच चौकशीत सांगितलं होतं. मग त्याच चार दिवसांत मालकाला मात्र "रुसलेत" का सांगितलं?

४

एक्स्चेंजचं कपाट जिन्याखालच्या खोलीत होतं. शेजारीच टेलिफोन ऑपरेटरचं टेबल. वीस वर्षं "हॅलो" म्हणून म्हणून तिचं नाव हॅलोताई पडलं होतं.

वहिनीने कपाट उघडलं. वर एक्स्चेंजचा पेटारा, खाली जोडपट्टी. ऑफिसातल्या प्रत्येक फोनची तार ह्या पट्टीवर येऊन दोन पितळी पात्यांच्या चिमटीत बसते. पाती एकमेकींना चिकटलेली, म्हणजे फोन चालू. २०९ ची खोलीकडे जाणारी तार पट्टीपासून वीतभर अंतरावर कापलेली होती. म्हणजे तारेवरून फोन येणं शक्यच नव्हतं.

वहिनीने भिंग काढलं आणि एकेक चिमटी पाहत गेली. २०१ घट्ट. २०२ घट्ट. २०३ घट्ट. अशा सगळ्या. फक्त २०९ ची पाती फाकलेली होती. मधे केसभर फट. आणि पितळ लखलखीत, गंजाचा टिपूससुद्धा नाही.

पाती अशी फाकतात एकाच गोष्टीने.

"मिळालं का भूत?" मागून आवाज आला. मेव्हणे साहेब दारात उभे होते. गुळगुळीत चेहरा, हातात गाडीच्या किल्ल्यांचा जुडगा.

"शोधतेय. हे कपाट कोण उघडतं, साहेब?"

"कोणी नाही. मी तर जन्मात हात लावलेला नाही. वायरींचं आपल्याला काही कळत नाही बुवा."

"बरोबर आहे. तुमचं काम मोठं." वहिनीने कागदावर सामानाची यादी केली. एक कार्ड, दोन फ्यूज, वीस मीटर तार, लाल खुंट्या एक पाकीट. "मागणीवर तुमची सही लागेल."

मेव्हण्यांनी यादीवरून नजर फिरवली आणि कपाळाला आठी घातली. "खुंट्या कशाला आणखी? नऊ पडल्यात की टेबलाच्या खणात. तुम्हा लोकांना नुसतं खपवायला पाहिजे."

"असं का? मग खोडते," वहिनी म्हणाली. तिने खुंट्यांवर रेघ मारली. पेन इतकं जोरात दाबलं गेलं की कागद फाटला.

मेव्हणे गेले. वहिनी हॅलोताईच्या टेबलाशी आली.

"ताई, खणात लाल खुंट्यांचं पाकीट आहे?"

हॅलोताईने खण उपसला. रबरबँड, जुन्या डायऱ्या आणि अगदी तळाशी धुळीने माखलेलं पाकीट. वर छापलेलं: नग दहा. वहिनीने टेबलावर ओतून मोजल्या. नऊ.

"हे कोणासाठी मागवलं होतं?"

"साहेबांसाठी. मेव्हणे साहेबांसाठी. दुपारी डोळा लागतो त्यांचा, फोन नको म्हणाले. लाईन तेवढ्यापुरती बंद ठेवायचं काहीतरी मिळतं का विचार, म्हणाले. मी तुमच्याच दुकानात फोन लावला होता, मग त्यांनीच बोलून घेतलं. तीन वर्षं झाली असतील." ती बोलता बोलता थांबली. "का हो?"

"त्या दिवसांत दुपारी त्यांचा फोन खरंच बंद असायचा?"

"छे! दुपारीच तर त्यांच्या घरून फोन यायचे. रोज जोडून द्यायचे मी. एक दिवस चुकला नाही."

"हे चौकशीत का नाही सांगितलंस?"

"मला कोणी विचारलंच नाही," हॅलोताई म्हणाली. "मी म्हटलं, खुंट्यांचा आणि काकांचा काय संबंध?"

वर घड्याळात चार वाजून आठ मिनिटं झाली होती.

५

ती कपाटापुढे उभी राहिली. पेटाऱ्यावर छोट्या दिव्यांच्या दोन रांगा होत्या. वरची आतल्या फोनांची, खालची बाहेरून येणाऱ्या चार लाईनींची. सगळे दिवे विझलेले.

चार दहा. वर मालकाच्या खोलीत फोन वाजू लागला. वरच्या रांगेत २०१ चा दिवा लुकलुकला. २०९ चा काळाच राहिला.

आणि खालच्या रांगेतला चौथा दिवा पेटला.

म्हणजे फोन बाहेरून येत होता. चौथ्या लाईनची गोम जगात कोणाला माहीत नव्हती. त्या लाईनवर फोन करून सहा गुप्त आकडे दाबले की एक्स्चेंज बाहेरच्या माणसालाही आपल्यातलाच एक समजतं, आणि तो सांगेल तो आतला नंबर त्याच्या नावावर दाखवतं. फोन भिंतीवरून उखडला तरी नंबर एक्स्चेंजच्या डोक्यात जिवंत राहतो. तो कोणी पुसला नव्हता. घरबसल्या बिघाड शोधता यावा म्हणून ही सोय करून ठेवली होती. ते सहा आकडे दोघांनाच ठाऊक होते.

त्यातली एक तर इथे उभी होती.

६

दादा दुकानातच बसले होते. रिसीव्हर अजून कोमट असावा. वहिनीने पेटी खाली ठेवली.

"अकरा दिवस?" ती म्हणाली.

"आज बारावा." दादा तिच्याकडे बघत होते. किती दिवसांनी सरळ बघत होते. "तू पार्सलं टाकायला गेलीस की."

"अहो, मला सांगायचं ना!"

"तुला खोटं बोलता येत नाही. चेहऱ्यावर पाटी लागते तुझ्या. मला त्या कपाटापर्यंत तुला पोचवायचं होतं. आपण गयावया केली असती तर त्याने दार उघडलं नसतं. त्यालाच गयावया करायला लावायची होती." ते थांबले. "आणि खरं सांगू? त्याला झोप लागते, हे मला सहन होत नव्हतं. मी नाही झोपलो तीन वर्षं. म्हटलं, थोडे दिवस तूही जागा राहा."

वहिनीने सगळं सांगितलं. फाकलेली पाती, नऊ खुंट्या, मेव्हण्यांची जीभ कशी घसरली ते. दादा ऐकता ऐकता उठून उभे राहिले. "खुंटी! म्हणजे ओल नव्हती. बिघाडही नव्हता. मी केलेलं काम शाबूत होतं." तेच तीन-तीनदा म्हणाले आणि मग तोंडावर हात घेऊन रडले.

"मी काकूंना गाठतो," थोड्या वेळाने डोळे पुसत ते म्हणाले. काकू म्हणजे कोठीकाकांची बायको. "त्यांचे वकीलही. उद्या चार दहाला इथे बसवतो दोघांना. तू वरचा स्पीकर लाव, बाकी लाईन माझ्याकडे."

ते चपला घालून बाहेर पडल्यावर वहिनीने मागणीची जुनी वही काढली. तीन वर्षं मागचं पान. काका गेले त्याच्या आठ दिवस आधीची तारीख. तिच्याच वळणदार अक्षरात: शीतगृह, लाल खुंट्या, पाकीट एक. आणि शेजारच्या रकान्यात: लावायची पद्धत फोनवर सांगितली.

तिला तो पुरुषी आवाज आठवेना. आपले शब्द मात्र लख्ख आठवले. "एकदम सोपं आहे, साहेब. ज्या नंबरला गप्प करायचं त्याच्या पात्यांत खोचायची. कोणाला पत्ता लागत नाही."

हे तिने दादांना सांगितलं नव्हतं. तिने पानाची कड चिमटीत धरली. एक हिसका पुरे होता. बराच वेळ ती तशीच बसली, मग वही मिटून पिशवीत टाकली.

७

दुसऱ्या दिवशी चार वाजता मालकाच्या खोलीत चौघं होती. मालक, मेव्हणे, हॅलोताई आणि वहिनी. "अहवालावर सगळ्यांच्या सह्या लागतात," एवढंच तिने सांगितलं होतं.

चार दहाला फोन वाजला. २०९. मालक खुर्चीत आकसला. वहिनीने पुढे होऊन स्पीकरचं बटण दाबलं.

"राहू दे चालू," ती म्हणाली. "भुतालाही ऐकू दे. मेव्हणे साहेब, कोल्ड रूमचा फोन कशाने बंद पडला होता म्हणालात?"

"ओल. गंज चढला होता. चौकशीत आलंय सगळं."

"उणे अठराला पाणी थेंबाने राहत नाही, साहेब, त्याचा दगड होतो. त्या थंडीत चार-सहा महिन्यांत गंज चढत नाही. मशीन बंद करून, दार उघडं टाकून, वर कोणी मिठाचं पाणी शिंपडलं तर चढतो. आणि कपाटातली २०९ ची पाती आजही आरशासारखी आहेत. फक्त फाकलीत. तिथे खुंटी खोचलेली होती. खुंटी खोचली की फोन मुका होतो आणि काढून घेतली की पुरावा राहत नाही. पण पितळ विसरत नाही."

"असेल! तुमच्याच नवऱ्याने खोचली असेल."

"आमच्या वहीत खुंट्यांचं एकच पाकीट ह्या ऑफिसला गेलंय. तुम्ही मागवलेलं." तिने वही टेबलावर उघडून ठेवली. आता ती जागा आली होती. गाळली असती तरी चाललं असतं. पुराव्याला त्या वाक्याची गरज नव्हती. लाईनीच्या पलीकडे दादा बसले होते. शेजारी काकू. "आणि ती कशी लावायची हे फोनवर मी सांगितलं. मीच. कोणाला पत्ता लागत नाही, असंही मीच म्हणाले. ज्या खुंटीने काकांचा फोन बंद झाला, ती माझ्या दुकानातली."

स्पीकरमधून काही आलं नाही. श्वाससुद्धा नाही.

"हो, मागवलं होतं," मेव्हणे म्हणाले. "माझ्या फोनसाठी. दोनशे तीन. दुपारी त्रास होतो म्हणून."

"काल म्हणालात, कपाटाला जन्मात हात लावला नाही."

मेव्हण्यांनी वही बाजूला ढकलली.

"शिवाय दोनशे तीनची पाती घट्ट आहेत. हॅलोताई, त्या आठवड्यात दुपारी साहेबांना फोन जोडलेस?"

"रोज," हॅलोताई म्हणाली. तिचा आवाज चिरकला होता. "एकही दिवस बंद नव्हता."

"मग दहावी खुंटी होती कुठे? काका रोज मालकांना दाराच्या खटक्याबद्दल सांगत होते. खटका बदलायचं काम तुमचं. तुम्ही खटका बदलला नाहीत, साहेब. फोन बंद केलात. काकांना सांगितलंत, मेकॅनिकला कळवलंय. मालकांना सांगितलंत, काका रुसलेत. आणि मेकॅनिकला काहीच नाही. बिघाड कुठे होता हे सापडू नये, असं वाटणारा ह्या ऑफिसात एकच माणूस होता."

मालकाने हळूहळू मान वळवून मेव्हण्यांकडे पाहिलं.

"शनिवारी काढणार होतो मी," मेव्हणे म्हणाले. गुळगुळीत चेहऱ्याची पार रया गेली होती. "नुसता एक आठवडा. रोज रोज तुमच्याकडे माझ्या चहाड्या… डोकं फिरलं होतं माझं. तो शुक्रवारीच आत अडकेल हे मला काय माहीत!"

हॅलोताई हुंदका देऊन भिंतीकडे वळली. मालक उठला, पुन्हा बसला. मग वहिनीकडे वाकून हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, झालं ते भयंकर झालं. पण हा माझ्या बायकोचा भाऊ आहे. आपण हे चार भिंतींत मिटवू. तुमची सगळी कामं परत मिळवून देतो."

"चार भिंती कुठल्या?" वहिनी म्हणाली. "लाईन उघडी आहे. तेरा दिवस तुम्हाला फोन करतात ते माझे हे. आज त्यांच्या शेजारी काकू बसल्यात. आणि काकूंचे वकील."

स्पीकर खरखरला. एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, अगदी शांत. "रिसीव्हर त्यांच्या हातात होता ना हो, मालक? मग ते कोणाशी बोलत असतील?"

मालकाने दोन्ही हातांनी चेहरा झाकला.

वहिनीने तो चांगला मिनिटभर झाकू दिला. मग पिशवीतून एक कागद काढून त्याच्यापुढे ठेवला. एकेचाळीस ऑफिसांची नावं, एकेचाळीस नंबर. "ह्या सगळ्यांना तुम्ही स्वतः फोन केला होतात. आता परत करा. काय चुकीचं सांगितलं होतं आणि खरं काय ते सांगा. आत्ता, माझ्यासमोर."

"आत्ता?"

"मला घाई नाही. तीन वर्षं आहेत माझ्याकडे."

मेव्हणे दाराकडे सरकले, पण हॅलोताई दारात आडवी उभी राहिली. वकील पोलीस घेऊन येईपर्यंत ती हलली नाही. मालक एकेक नंबर फिरवत होता. पहिल्या फोनला त्याला वाक्य जमेना. वहिनीने जुळवून दिलं. पाचव्या फोनला त्याचा आवाज फुटला. सातव्या ठिकाणच्या माणसाने त्याला फोनवरच शिव्या घातल्या. वहिनी समोरच्या खुर्चीत हात बांधून ऐकत होती. हे ऐकून आपल्याला वाईट वाटेल, निदान थोडं ओशाळल्यासारखं होईल, असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. गोड लागत होतं. प्रत्येक फोन आधीच्यापेक्षा गोड.

सहा वाजेपर्यंत अकरा झाले. "उरलेले उद्या," ती म्हणाली आणि उठली.

८

दुकानाशी पोचली तेव्हा दादा बाहेर फुटपाथवर उभे होते. आजूबाजूचे दोन मेकॅनिक त्यांच्याशी काहीतरी बोलत होते आणि दादा हातवारे करून उत्तर देत होते. वहिनीला पाहून त्यांनी नुसती आत मान हलवली.

आत स्टुलावर काकू बसल्या होत्या. वहिनी त्यांच्यासमोर उभी राहिली. ऑफिसातून इथवर येताना तिने बोलायचं सगळं ठरवून आणलं होतं.

"काकू, मी…"

"ऐकलं मी," काकू म्हणाल्या. "नीट ऐकू येत होतं."

त्यांनी टेबलावरच्या फोनचा रिसीव्हर नीट बसवला. मग म्हणाल्या, "तीन वर्षं सकाळी डोळे उघडले की माझं पहिलं काम तुझ्या नवऱ्याला तळतळाट देणं. तोंडसुद्धा धुवायची नाही त्याआधी. फुकट गेले गं सगळे. आता उद्यापासून त्या मेव्हण्याला. आणि त्या मालकालाही, अर्धा."

"आणि मला?" वहिनीने विचारलं.

काकूंनी वर पाहिलं. डोळे कोरडे होते, आणि त्यात माया नव्हती. पण त्या खोटंही बोलत नव्हत्या.

"तुलाही देईन. किती दिवस, ते अजून ठरलं नाही."

"हवे तितके द्या."

"ते माझं मी बघेन," काकू म्हणाल्या. "तू आधी चहा टाक. दुपारपासून बसलेय, तुझ्या नवऱ्याला साधं पाणी विचारायचं सुचलेलं नाही."